रिपोर्टरच्या खांद्यामागे

बाइंडरचं टीव्हीशी हाडवैर होतं. छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात तीस वर्षं त्याने छापील पानांचे फर्मे जुळवले, शिवले, सरस लावून पुठ्ठे चढवले होते. माणसाने डोळे शिणवायचेच तर छापलेल्या पानावर शिणवावेत, असं त्याचं ठाम मत. टीव्हीला तो टीव्ही म्हणायचाच नाही, ‘खोका’ म्हणायचा. घरात खोका होता तो बायकोच्या माहेराहून आलेला, आणि त्याला कायदा लागू होता: संध्याकाळी सहा ते साडेसहा बातम्या. बस. सहाच्या ठोक्याला बायको बटण दाबायची. बाइंडर खुर्चीत ताठ बसून, घरी आलेल्या इन्स्पेक्टरकडे बघावं तसं पडद्याकडे बघायचा. साडेसहाला उठून बंद करायचा आणि पुस्तकांना लावतात त्या काळ्या कापडाचा, स्वतः शिवलेला अभ्रा त्याच्यावर ओढायचा.

बायकोला मालिका आवडायच्या. ती साखरेची रिकामी वाटी घेऊन शेजारी जायची आणि दारातच उभी राहून अर्धा तास काढायची. शेजारीण म्हणायची, “अहो, आत या, बसा तरी.” बायको म्हणायची, “नको नको, निघालेच मी.” बसलं म्हणजे बघितलं असं होतं, उभं राहिलं तर नाही, अशी तिची समजूत.

मुलगा मात्र उघड उघड बघायचा. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून सगळे त्याला ढब्या म्हणत, पुढे काठीसारखा झाला तरी नाव तेच राहिलं. त्याला मॅचचं वेड. बाप कामावर गेला की अभ्रा निघायचा, आणि बाप जिन्यात आला की चढायचा. आईला सगळं माहीत होतं, ती जिन्याकडे कान देऊन असायची.

ढब्या एकोणीस वर्षांचा असताना कॉलेजात त्याचे तीन विषय उडाले. त्याच आठवड्यात एका रविवारी बाइंडरला जादा काम होतं, ते लवकर आटोपलं. घरी आला तर खोका चालू, मॅच रंगात आलेली आणि काळा अभ्रा उशीसारखा डोक्याखाली घेऊन चिरंजीव जमिनीवर आडवे. बाइंडर पुढे झाला. त्याने प्लग उपटला. खोका छातीशी धरून दोन जिने उतरला आणि रस्त्यावरच्या भंगारवाल्याच्या गाडीवर नेऊन ठेवला. भंगारवाला म्हणाला, “चालतोय की हो हा!” बाइंडर म्हणाला, “म्हणूनच.”

वर येऊन त्याने धापा टाकत सांगितलं, “उद्यापासून या घरात बघत बसणाऱ्याला जागा नाही.”

ढब्या उठला. आईने दिलेलं जेवला. सकाळी त्याचं अंथरूण नीट घडी घालून ठेवलेलं होतं आणि खुंटीवरची बॅग नव्हती.

पहिले दोन दिवस बाइंडर म्हणत होता, “येईल. भूक लागली की येईल.” तिसऱ्या दिवशी तो पोलिसांकडे गेला. तिथल्या हवालदाराने विचारलं, “वय काय? एकोणीस? मग सज्ञान आहे तो. स्वतःच्या पायांनी गेलाय.” तक्रार लिहून घेतली, इतकंच. ढब्याचा फोन बंद लागायचा. मित्रांना काही माहीत नव्हतं, किंवा ते सांगत नव्हते. महिने गेले, वर्षं गेली, चार वर्षं गेली.

घरात दुसरा टीव्ही आला नाही. आणायचा विषयही कुणी काढला नाही. बायकोने शेजारी जाणं सोडलं. तिला वेगळंच वेड लागलं होतं. ती बसमध्ये पोरांच्या मानेकडे बघायची. एकदा भर बाजारात एका परक्या मुलाचा दंड धरून तिने त्याला आपल्याकडे वळवला होता. बाइंडर तिच्यावर डाफरला होता, “लोक काय म्हणतील? जरा स्वतःला आवर.” त्यानंतर ती त्याला काही सांगत नसे.

आणि मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, बाइंडर दाढी करायला न्हाव्याकडे बसला होता. अर्धा गाल झालेला, अर्ध्यावर फेस. भिंतीवरच्या टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. फळांचे भाव चढल्याचं कुणी रिपोर्टर घाईघाईने सांगत होता. त्याच्या खांद्यामागच्या चौकटीत कुठल्यातरी मोठ्या बाजारातले ट्रक दिसत होते. एका ट्रकमधून एक मुलगा क्रेट उतरवत होता. त्याने क्रेट खांद्यावर घेतला, वळला, आणि बाइंडरने आरशातून त्याचा चेहरा बघितला.

तो खुर्चीतून उठला. वस्तरा हनुवटीला लागला, रक्त आलं, त्याला कळलंही नाही. “मागे घे!” तो ओरडला. “मागे घे ते!”

“काका, बातम्या आहेत,” न्हावी घाबरून म्हणाला. “बातम्या मागे कशा जातील?”

“चॅनल कुठलं?”

न्हाव्याने मघापासून दहा वेळा बटण बदललं होतं, त्याला आठवेना. तोवर पडद्यावर साबणाची जाहिरात आली होती. बाइंडरच्या डोळ्यांपुढे एवढंच राहिलं: खाली लाल पट्टी, तिच्यावर पिवळी अक्षरं.

तो तसाच घरी पळाला. निम्म्या तोंडाला फेस, हनुवटीवर रक्त. बायकोने त्याला बघून हातातलं भांडं खाली ठेवलं.

“ढब्या दिसला. टीव्हीवर. आत्ता. क्रेट उचलत होता.”

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, “चार वर्षांत मी त्याला पन्नासदा बघितलंय. बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, समोरच्या गच्चीवर. तुम्ही आज एकदा बघितलंत.” आणि तिने टॉवेल ओला करून त्याच्या हातात दिला. “तोंड पुसा.”

संध्याकाळी बाइंडर टीव्ही घेऊन आला. चांगला मोठा, भिंतीला टांगायचा. जोडून देणाऱ्या माणसाने विचारलं, “काका, पॅकेज कुठलं देऊ? मालिका, सिनेमे, खेळ?” बाइंडर म्हणाला, “जिथं जिथं बातम्या लागतात ते सगळं.”

लाल पट्टी आणि पिवळी अक्षरं तीन चॅनलांची निघाली. बाइंडरने छापखान्यात रजा टाकली. सकाळी सहाला तो पडद्यासमोर बसायचा आणि या तिघांमध्ये बटण फिरवत राहायचा. एकाकडे जाहिरात लागली की दुसरं, तिथं चर्चा सुरू झाली की तिसरं. लघवीला जाताना बायकोला बसवून जायचा आणि दार उघडं ठेवायचा. जेवताना घास तोंडाऐवजी गालाला लागायचा. चार दिवसांत त्याच्या डोळ्यांचे निखारे झाले.

जन्मभर ज्याला त्याने नावं ठेवली ते बघणं तो आता शिकत होता, आणि तेही उलट्या बाजूने. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे तो बघायचाच नाही. रिपोर्टरच्या खांद्यावरून पलीकडे, कडेला, मागे, जिथं कुणी बघत नाही तिथं त्याची नजर असायची. पूर कुठं आला, मंत्री काय म्हणाला, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण पूर बघायला पुलावर किती जण उभे होते, कुणाच्या अंगात कसला शर्ट होता, हे तो घडाघडा सांगू शकला असता. कॅमेरा दिसला की हात हलवणारे, फोन कानाला लावून उगाच मधून चालत जाणारे, भांडण विसरून केस सारखे करणारे, असे शेकडो लोक त्याला चेहऱ्याने ओळखीचे झाले. नको ते सगळे दिसत होते.

एकदा बायको दबकत म्हणाली, “अर्धा तास माझी मालिका लावू का? चार वर्षांत काय झालं ते बघते.”

“आत्ता नाही.”

“जाहिराती चालल्यात की.”

“जाहिरातीनंतर काय लागेल तुला माहीत आहे? हात लावू नकोस!”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “बघत बसणाऱ्याला या घरात जागा नाही, असं कोण म्हणालं होतं हो?”

बाइंडरने मान वळवली नाही. त्याचे कान तेवढे लाल झाले. ती आत गेली.

लग्न होऊन गेलेली मोठी मुलगी रोज फोन करायची, शेवटी एका सकाळी येऊन बसली. “बाबा, डॉक्टरांना दाखवू या,” ती म्हणाली. “डोळ्यांच्या?” त्याने विचारलं. छापखान्यातला फोरमनही येऊन गेला. शाळांची पुस्तकं तुंबली आहेत, नवी पोरं फर्मे उलटे जुळवताहेत, रजा कधीच संपली. बाइंडर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “दुसरा माणूस बघा.” फोरमन त्याच्या हाताखाली शिकलेला. तो जिन्यात उभा राहून डोळे पुसत होता, असं मुलीने सांगितलं.

एकोणिसाव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, ते पुन्हा लागलं.

या वेळी बातमी डिझेलची होती. पण ट्रक तेच, क्रेट तोच, वळणंही तेच. बाइंडर किंचाळला, “ये! अगं, ये लवकर!” बायको ओल्या हातांनी धावत आली. तोवर चेहरा निघून गेला होता. क्रेट खांद्यावर घेऊन जाणारी पाठ तेवढी तिला दिसली, एक-दोन पावलं, आणि चित्र बदललं.

“पाठ होती,” बाइंडर रडवेला होऊन म्हणाला. “तुला पाठच दिसली.”

बायको भिंतीला टेकून खाली बसली. “त्याचीच पाठ,” ती म्हणाली. “डावा खांदा पाडून चालतो. पाचवीत दप्तर जड होतं तेव्हापासून.”

एकोणीस दिवस तिने स्वतःला बांधून ठेवलं होतं. ती गाठ त्या दोन पावलांत सुटली. त्या दिवशी तिने स्वयंपाक केला नाही. ती पडद्यासमोर बसली ती उठेचना.

चॅनल आता कळलं होतं. त्याचं ऑफिस मोठ्या शहरात, बसने चार तासांवर. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने बाइंडर निघाला. काचेची उंच इमारत, फाटकावर वॉचमन. “कुणाला भेटायचंय? वेळ घेतलीय? मग आत नाही सोडता येणार.” बाइंडर फाटकाबाहेरच्या कठड्यावर बसला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकापुढे ढब्याचा फोटो धरत होता. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं फोनवर बोलत त्याच्या बाजूने निघून जात होती. दुपारी एक चाळिशीची बाई चहा प्यायला बाहेर आली. तिने फोटो हातात घेतला, त्याचं सगळं ऐकलं. ती जुनी चित्रणं सांभाळायच्या खोलीत कामाला होती. वॉचमनला तिने काय सांगितलं कोण जाणे, पण ती बाइंडरला आत घेऊन गेली.

खोली थंडगार होती. तिने त्याला खुर्ची दिली, तारीख आणि वेळ विचारली, बोटं चालवली. पडद्यावर ट्रक आले.

“हाच ना?”

“हाच.”

तिने बाजूच्या रकान्यात बघितलं आणि तिची बोटं थांबली. “काका,” ती म्हणाली, “हे कालचं नाही.”

“कालचंच. काल दाखवलं. मी बघितलं.”

“दाखवलं काल. काढलेलं जुनं आहे.” तिने तारीख वाचली. चार वर्षांपूर्वीची. ढब्या गेला त्याच्या नंतरच्या नवव्या दिवसाची.

बाइंडरला अर्थ लागेना. “मग काल कसं लावलं?”

“भाव वाढले, संप झाला, डिझेल महागलं, की बाजार दाखवावा लागतो. दर वेळी कोण जातंय काढायला? साठवलेलं लावतात. कोपऱ्यात तसं लिहायला हवं, राहून जातं.” ती ओशाळली. “मागे कोण आहे ते कुणी बघत नाही, काका.”

“किती वेळा लावलं असेल?”

तिने मोजलं. “एकतीस.”

“पहिल्यांदा कधी?”

“ज्या दिवशी काढलं त्याच दिवशी. संध्याकाळी सहाच्या बातम्यांत.”

बाइंडर हळूच म्हणाला, “माझ्या घरी लागायच्या त्या बातम्यांची पट्टी निळी होती.”

“तेव्हा आमची निळीच होती. लाल दोन वर्षांपूर्वी केली.”

रोज सहा ते साडेसहा जे चॅनल त्याच्या घरात लागायचं ते हेच. मुलगा गेल्यावर नवव्या दिवशी, त्याने स्वतःच मंजूर केलेल्या त्या अर्ध्या तासात, मुलगा पडद्यावर येऊन गेला होता. बाजाराचं नाव खाली लिहिलेलं असणार. दुसऱ्या सकाळची बस पकडली असती तर पोरगं तिथंच, त्याच ट्रकपाशी सापडलं असतं. आणि त्या संध्याकाळी सहा वाजता बाइंडर भिंतीकडे तोंड करून ताठ बसला होता, कारण खोका त्याने भंगारात दिला होता. खोका दिला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता त्याला स्वतःचा.

बाई म्हणाली, “पूर्ण चित्रण आहे. बातमीत तीन सेकंद घेतात. बघायचंय?”

बेचाळीस सेकंद होती. ढब्या क्रेट ठेवून परत येतो. कुणीतरी त्याला हाक मारतं, तो बाहीने तोंड पुसतो. मग त्याला कॅमेरा दिसतो. तो हसतो, लाजल्यासारखा, आणि थेट समोर बघतो. काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखा. तिथं चित्र संपतं.

“पुन्हा लावू?” बाईने विचारलं. तिने सहा वेळा लावलं. सातव्या वेळी बाइंडरने हात वर करून तिला थांबवलं. तिने एका कागदावर बाजाराचा पत्ता लिहून दिला, स्वतःचा फोन नंबर लिहिला आणि त्याला फाटकापर्यंत सोडायला आली.

बाजार तिथून तासाभरावर होता. तो तसाच गेला. हमाल, काटेवाले, कारकून, सगळ्यांना फोटो दाखवला. चार वर्षांत तिथली माणसंही बदलली होती. सडकी फळं निवडणाऱ्या एका म्हातारीने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. “होता असा एक,” ती म्हणाली. “दोन-तीन महिने असेल. मग ट्रकवाल्यांबरोबर गेला.” कुठं? तिने हात हवेत उडवला. “ट्रक जातात तिकडं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी पोचला. दार उघडंच होतं. बायको पडद्याजवळ, पार नाकाला लागेल इतकी जवळ बसलेली. तिचा चेहरा चार वर्षांत पहिल्यांदाच उजळला होता.

“काल रात्री आठला पुन्हा दाखवला!” ती म्हणाली. “मी चेहरा बघितला. बारीक झालाय, पण बरा दिसतो. अंगावर शर्ट तरी स्वच्छ आहे. म्हणजे कुणीतरी बघणारं आहे त्याचं. तुम्हाला पत्ता मिळाला ना? मी दोन शर्ट काढून ठेवलेत. आता छातीला होतील की नाही कोण जाणे, तेवीस पूर्ण झाली त्याला.”

बसमधल्या चार तासांत बाइंडरने ठरवलं होतं की निम्मंच सांगायचं. चित्रण जुनं आहे, एवढंच. नवव्या दिवसाचं, सहाच्या बातम्यांचं गिळून टाकायचं. ते तिला सांगून कुणाचं भलं होणार होतं? पण खुर्चीवर घडी घालून ठेवलेले ते दोन शर्ट त्याने बघितले आणि त्याला लपवता येईना. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. तारीख, एकतीस वेळा, निळी पट्टी, सगळं.

ती ऐकत होती. मधे एकदाच तिने विचारलं, “कोणत्या बातम्यांत?”

“सहाच्या.”

“सहाच्या मी लावायचे,” ती म्हणाली. “बरोबर सहाला.”

“हो.”

तो वाट बघत होता. ती ओरडेल, डोकं आपटेल, त्याला मारेल. मारावं असं त्याला वाटत होतं. तिने काही केलं नाही. पडद्यावर कुणीतरी हवामान सांगत होतं. तिने रिमोट उचलला, आवाज बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत आतून काही आवाज आला नाही. बाइंडर बंद दाराशी बसून होता. एकदा त्याने दारावर हात ठेवला आणि काढून घेतला.

अंधार पडता पडता ती बाहेर आली. डोळे सुजलेले, पण केस विंचरलेले.

“त्या बेचाळीस सेकंदांत तो हसला म्हणालात?”

“हसला.”

“कुणाकडे बघून?”

“कॅमेऱ्याकडे.”

“म्हणजे आपल्याकडे,” ती म्हणाली. “सहाला आपण बघतो, हे त्याला ठाऊक होतं.”

बाइंडरच्या तोंडून विचित्र आवाज फुटला. तो तोंडात पदर कोंबल्यासारखा, बाहीत तोंड खुपसून रडू लागला. ती त्याच्याजवळ गेली नाही. तिने त्याचं रडणं पुरतं होऊ दिलं.

“आता ऐका,” मग ती म्हणाली. “मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन असं वाटतही नाही. पण त्या बाजाराचा रस्ता तुम्हाला माहीत आहे, मला नाही. उठा. छापखान्यात जा, फोरमनला सांगा, फोटोच्या प्रती काढून हव्यात. खाली आपला फोन नंबर, मोठ्या अक्षरात. आणि लिहा, आई वाट बघतेय.”

“आणि बाप?”

“राहू द्या. आई पुरे.”

फोरमनने दोनशे प्रती काढून दिल्या, स्वतः उभं राहून कापल्या. दोन दिवसांनी सकाळी नवराबायको त्या बाजारात उतरले. ट्रक दुतर्फा लागले होते. बायकोने प्रतींचा गठ्ठा निम्मा केला, एक भाग त्याच्या हातात दिला. “तुम्ही ती रांग घ्या.”

बाइंडर कधी कुणापुढे हात पसरलेला माणूस नव्हता; गेल्या खेपेलाही त्याने नुसता फोटो पुढे धरला होता, मागितलं काही नव्हतं. त्याने पहिल्या ट्रकच्या दाराशी उभं राहून दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. पलीकडून बायकोचा आवाज येत होता, “दादा, जरा बघता का? माझा मुलगा आहे.” मग त्यालाही जमलं. काही ड्रायव्हर झोपलेले होते, काहींनी हाताने झटकलं. एकाने फोटो नीट बघून विचारलं, “कधी गेला?” चार वर्षं म्हटल्यावर त्याने प्रत घेतली आणि समोरच्या काचेवर, आतल्या बाजूने चिकटवली. “सीमेपर्यंत जातो मी,” तो म्हणाला. “दर धाब्यावर गाडी थांबते. लोक बघतील.”

ऊन उतरेपर्यंत अशा चौदा ट्रकांच्या काचांवर ढब्या लागला. एकेक ट्रक भरून निघत होता. कुणी म्हणालं नाही की मी याला ओळखतो. बायकोचा आवाज बसला होता. ती एका रिकाम्या क्रेटवर टेकली. शेजारी जागा होती, तरी बाइंडर उभाच राहिला.

“पाय दुखतील,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

तो बसला. निघणाऱ्या ट्रकांची धूळ दोघांच्या तोंडावर येत होती. तिच्या हातात एकही प्रत उरली नव्हती, त्याच्याकडे आठ-दहा होत्या. तिने त्या ओढून घेतल्या आणि पुढच्या ट्रककडे निघाली.